प्रोसेसरचा वर्ड साइज आणि डेटाबेसचा वेग: फरक कुठे पडतो, कुठे नाही

प्रश्न एका साखर कारखान्याच्या संगणक विभागातून आलाय. वजनकाटा आणि ऊस नोंदणीचं काम पोस्टग्रेस या डेटाबेसवर चालतं. मशीन जुनं आहे, त्यावर ३२-बिट लिनक्स, रॅम ८ जीबी, डेटा ४० जीबीच्या आसपास. गळीत हंगाम सुरू झाला की पंधरवड्याच्या बिलाचे रिपोर्ट रखडतात. विचारलंय असं, की ६४-बिटवर गेलो तर प्रोसेसर एका वेळी दुप्पट बिट हाताळेल (हाच त्याचा वर्ड साइज), मग वेगही दुप्पट होईल ना?

दुप्पट होणार नाही. त्याच मशीनवर, तेवढीच रॅम ठेवून, फक्त लिनक्स आणि पोस्टग्रेस ६४-बिट केलंत तर रिपोर्टच्या वेळेत सांगण्याजोगा फरक बहुधा दिसणारही नाही. तरीही तुम्ही ६४-बिटवर जायलाच हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. या दोन गोष्टी एकत्र कशा बसतात हे नीट कळलं, तर पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल. म्हणून जरा लांबण लावतो.

आधी एक तपासून घ्या. एएमडीचा ऑप्टेरॉन एप्रिल २००३ मध्ये आला आणि इंटेलने तोच ६४-बिट विस्तार २००४ मध्ये स्वीकारला. त्यानंतरचा जवळपास प्रत्येक सर्व्हर प्रोसेसर ६४-बिट आहे. म्हणजे तुमचा प्रोसेसरही बहुतेक ६४-बिटच असेल, ३२-बिट आहे ते त्यावर बसवलेलं लिनक्स. डेटाबेसच्या दृष्टीने चिपवर काय छापलंय याला अर्थ नसतो, चालू असलेला प्रोग्राम किती बिटचा आहे याला असतो. पोस्टग्रेसला ‘सिलेक्ट व्हर्जन’ विचारलंत की उत्तराच्या शेवटी ३२-बिट की ६४-बिट ते लिहून येतं. ६४-बिट कर्नलवर (लिनक्सच्या गाभ्यावर) ३२-बिट प्रोग्राम आरामात चालतो, त्यामुळे नुसतं कर्नलला विचारून फसू नका. रास्पबेरी पायवर डेटाबेस ठेवणाऱ्यांना हा अनुभव कितीदा येतो.

आता ‘दुप्पट बिट, दुप्पट वेग’ हे गणित कुठे चुकतं ते बघू. दोन ६४-बिट आकड्यांची बेरीज करायला ३२-बिट प्रोसेसरला दोन सूचना लागतात: खालच्या अर्ध्यांची बेरीज, मग हातचा धरून वरच्या अर्ध्यांची. ६४-बिटवर एकच लागते. वाचली ती एक सूचना, म्हणजे नॅनोसेकंदाचा एखादा तुकडा. रॅममधून एक गोष्ट आणायला साधारण १०० नॅनोसेकंद जातात. फिरत्या हार्ड डिस्कवरून एक पान (डेटाबेस एका वेळी वाचतो तो तुकडा) उचलायला ८-१० मिलिसेकंद, म्हणजे ८०-१०० लाख नॅनोसेकंद. वजनाच्या पावत्यांची बेरीज करताना तुमचा वेळ बेरजेत जात नाही, पावती हातात येण्यात जातो. रेकॉर्ड रूममधून फाइल यायला तासभर लागत असेल तर कारकुनाला दुसरा कॅल्क्युलेटर देऊन काय होणार?

खरा फरक आहे पत्त्याचा. मेमरीतल्या प्रत्येक बाइटला एक पत्ता असतो आणि ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ पत्ते मावतात. तेच ते ४ जीबी. हे सगळे पत्तेही प्रोग्रामच्या वाट्याला येत नाहीत. ३२-बिट लिनक्समध्ये साधारण ३ जीबी प्रोग्रामला आणि १ जीबी कर्नलला अशी वाटणी असते. ३२-बिट विंडोजमध्ये निम्मे-निम्मे, २ आणि २. बूट करताना खास स्विच दिला तर ३ आणि १. उरलेल्या जागेत डेटाबेसने स्वतःचा कोड, बफर कॅश (डिस्कवरची पानं धरून ठेवायची जागा), सॉर्टची जागा, हॅश टेबल, प्रत्येक कनेक्शनचा स्टॅक, सगळं बसवायचं.

पण मशीनमध्ये तर ८ जीबी रॅम आहे, मग ती दिसते कशी? पेंटियम प्रोबरोबर १९९५ मध्ये पीएई नावाची सोय आली. तिच्यामुळे भौतिक पत्ता ३६ बिटांचा झाला आणि ६४ जीबीपर्यंत रॅम बसवता येऊ लागली. पण हा लांब पत्ता कर्नलला कळतो, प्रोग्रामला नाही. प्रत्येक प्रोग्राम आपापल्या ३ जीबीच्या खोलीतच राहतो. वाडा मोठा झाला, खोल्या तेवढ्याच राहिल्या.

इथे कोणता डेटाबेस आहे यावर बरंच अवलंबून असतं, आणि हा मुद्दा फार कमी जण लक्षात घेतात. मायएसक्यूएल हा एकच प्रोसेस (चालू प्रोग्राम) आणि त्यात अनेक थ्रेड (कामाचे धागे) असा चालतो. म्हणजे इनोडीबीचा (त्याच्या डेटा साठवणाऱ्या भागाचा) बफर पूल आणि झाडून सगळ्या कनेक्शनची कामाची जागा मिळून एकच ३ जीबी. बफर पूल वाढवला की कनेक्शन गुदमरतात, कनेक्शन वाढवली की बफर पूल आवरता घ्यावा लागतो. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनला स्वतंत्र प्रोसेस देतं. त्यामुळे शेअर्ड बफर्स, म्हणजे त्याची बफर कॅश, सगळ्यांचे सामायिक, पण सॉर्टची जागा प्रत्येकाच्या स्वतःच्या ३ जीबीतून. शिवाय पोस्टग्रेस फाइली कर्नलच्या पेज कॅशमधूनच (वाचलेल्या फाइली रॅममध्ये धरून ठेवायची जागा) वाचतं, आणि पेज कॅशला पीएईमुळे पूर्ण ८ जीबी वापरता येते. म्हणून तुमच्याकडे शेअर्ड बफर्स १ जीबी असले, तरी उरलेल्या रॅममधली बरीचशी आजही तुमच्याच टेबलांची पानं धरून बसलेली असते. तेवढ्याच रॅमवर ६४-बिट केल्याने फरक जाणवणार नाही असं वर म्हटलं, ते यासाठी.

या बाबतीत एकदा मी चुकीचा सल्ला दिला होता, तो सांगतो. २००८ चा मार्च. एका पतसंस्थेत ३२-बिट विंडोज आणि ३२-बिट एसक्यूएल सर्व्हर २००५. वर्षअखेरीची व्याज आकारणी मंद झाली म्हणून मी रॅम ४ वरून १६ जीबी करायला सांगितली, एडब्ल्यूई (३२-बिट विंडोजवर जास्तीची मेमरी वापरायची सोय) चालू केलं आणि निश्चिंत झालो. ३१ तारखेला संध्याकाळी ७०१ नंबरची चूक येऊ लागली: क्वेरी चालवायला पुरेशी सिस्टिम मेमरी नाही. समोर १६ जीबीचं मशीन, आणि ते म्हणतंय मेमरी नाही. टास्क मॅनेजर उघडला तर एसक्यूएल सर्व्हरच्या नावावर अगदीच किरकोळ मेमरी, कारण एडब्ल्यूईने घेतलेली मेमरी तो त्या रकान्यात दाखवतच नाही. त्या आकड्याने आणखी दीड तास घालवला.

कारण असं होतं. एडब्ल्यूईने मिळालेली वरची मेमरी फक्त डेटाच्या पानांसाठी वापरता येते. क्वेरीचे प्लॅन (ती कशी चालवायची त्याचे आराखडे), लॉक, सॉर्टची जागा, कनेक्शन हे सगळं खालच्या २ जीबीतच राहावं लागतं. आणि त्या संस्थेचं सॉफ्टवेअर प्रत्येक खात्यासाठी खातेक्रमांक मजकुरात जोडून नवी क्वेरी बनवत होतं. पॅरामीटर नाही, म्हणून प्रत्येक खात्याला नवा प्लॅन. हजारो प्लॅननी तो खालचा मजला भरून गेला, वरचे मजले मोकळे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं मी करून ठेवलं होतं. त्या रात्री प्लॅन कॅश रिकामी करत करत आकारणी पार पाडली, नंतर डेटाबेसवर सक्तीचं पॅरामीटरीकरण चालू केलं आणि पुढच्या वर्षी ६४-बिटवर गेलो. ६४-बिटवर हा वरचा-खालचा मजला हा भेदच उरत नाही. जी मेमरी आहे ती कशासाठीही वापरा. मायक्रोसॉफ्टने पुढे २०१२ च्या आवृत्तीत एडब्ल्यूई काढून टाकलं आणि २०१६ पासून एसक्यूएल सर्व्हर फक्त ६४-बिटच मिळतो.

पत्त्यांच्या टंचाईचं सगळ्यात उघड उदाहरण म्हणजे जुना मोंगोडीबी. तो डेटा फाइली सरळ मेमरीच्या पत्त्यांवर मॅप करायचा. त्यामुळे ३२-बिट आवृत्तीत डेटाच साधारण २ जीबीच्या पुढे जाऊ शकत नसे, डिस्क कितीही मोठी असली तरी. तिथे प्रश्न वेगाचा नव्हताच.

पत्त्यांचा विषय इथे थांबवतो आणि प्रोसेसरच्या प्रत्यक्ष कामाकडे येतो, कारण तिथेही थोडा फायदा आहेच. जुन्या x८६ मध्ये सर्वसाधारण कामाचे रजिस्टर (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या जागा) ८, ६४-बिटमध्ये १६. लिनक्सवर फंक्शनची पहिली सहा पूर्णांक आर्ग्युमेंट रजिस्टरमधूनच जातात, स्टॅकवर ठेवून परत उचलावी लागत नाहीत. डेटाबेसच्या एक्झिक्युटरमध्ये (क्वेरी चालवणाऱ्या भागात) एकेका ओळीमागे फंक्शन कॉलची रांग असते, तिथे याचा उपयोग होतो.

पोस्टग्रेसमध्ये आणखी एक गोष्ट आहे. त्याच्या आत प्रत्येक मूल्य ‘डेटम’ नावाच्या एका खोक्यातून फिरतं, आणि हे खोकं पॉइंटरएवढं, म्हणजे मेमरीच्या एका पत्त्याएवढं असतं. ३२-बिटवर ४ बाइट, ६४-बिटवर ८. बिगइंट, टाइमस्टँप, डबल प्रिसिजन ही सगळी ८ बाइटची मूल्यं. ३२-बिटवर ती खोक्यात मावत नाहीत, म्हणून मूल्य मेमरीत वेगळं ठेवायचं आणि खोक्यात त्याचा पत्ता टाकायचा. म्हणजे प्रत्येक बेरजेच्या, प्रत्येक तारखेच्या हिशेबाच्या मागे मेमरीची एक छोटी मागणी. २००९ च्या ८.४ आवृत्तीपासून ६४-बिट मशीनवर हीच मूल्यं थेट खोक्यातून जातात. तुमच्या वजनपावत्यांमध्ये दोन टाइमस्टँप आणि दोन बिगइंट असतील, तर लाखो ओळींच्या रिपोर्टमध्ये हा फरक मोजता येण्याइतका असतो. पण मोजता येणं वेगळं आणि रिपोर्ट बघणाऱ्या माणसाला जाणवणं वेगळं.

राइट-अहेड लॉगच्या (बदल आधी ज्यात लिहिले जातात त्या नोंदवहीच्या) प्रत्येक नोंदीवर सीआरसीची, म्हणजे चूक पकडणारी, बेरीज असते. ९.५ पासून पोस्टग्रेस जी सीआरसी वापरतं तिच्यासाठी २००८ नंतरच्या इंटेल प्रोसेसरमध्ये थेट सूचना आहे. ती ६४-बिट मोडमध्ये एका झटक्यात ८ बाइट खाते, ३२-बिट मोडमध्ये ४. तुमच्या प्रश्नातलं ‘दुप्पट’ अक्षरशः खरं असणारी ही जागा. फक्त एकूण वेळेत तिचा वाटा छोटा असतो.

सॉर्टिंगमध्ये मात्र वर्ड साइजचा परिणाम मला स्वतःला फार रंजक वाटतो, आणि तो आपल्या लिपीपर्यंत येऊन पोहोचतो. मजकूर सॉर्ट करताना दर वेळी दोन्ही पूर्ण नावं मेमरीतून काढून ताडून बघणं महागात पडतं. म्हणून ९.५ मध्ये पोस्टग्रेसने एक युक्ती आणली. प्रत्येक नावाचे सुरुवातीचे जेवढे बाइट डेटममध्ये मावतील तेवढे उचलून एका पूर्णांकासारखे ठेवायचे आणि आधी ते पूर्णांक ताडायचे. ते वेगळे निघाले तर निकाल तिथेच लागला. सारखे निघाले तरच पूर्ण नाव काढायचं. ६४-बिटवर नावाचे ८ बाइट मिळतात, ३२-बिटवर ४.

इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या नावांना ८ बाइट म्हणजे ८ अक्षरं. बहुतेक आडनावं तेवढ्यात वेगळी पडतात. देवनागरीचं काय? यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि काना-मात्रा-वेलांटी ही स्वतंत्र चिन्हं आहेत. ‘पाटील’ घ्या. ‘प’ चे ३ बाइट, काना ३ बाइट, झाले ६. उरलेल्या दोन बाइटांत ‘ट’ चे पहिले दोन. पण देवनागरीचा पहिला बाइट कायम एकच असतो आणि दुसऱ्यात दोनच पर्याय. अक्षर कोणतं ते ठरवणारा तिसरा बाइट नेमका बाहेर राहतो. परिणाम असा, की पाटील, पाठक, पाटणकर, पानसे, पालकर आणि पाध्ये यांचे पहिले ८ बाइट हुबेहूब सारखे. ३२-बिटवर तर ४ बाइटांत ‘प’ आणि पुढच्या चिन्हाचा तो कायमचा पहिला बाइट एवढंच मावतं, म्हणजे पवार, पाटील, पेडणेकर, पंडित सगळे एका ओळीत. युक्तीचा फायदा जवळपास शून्य. पोस्टग्रेस सॉर्ट चालू असतानाच अंदाज घेत राहतं की या छोट्या किल्ल्या पुरेशा वेगवेगळ्या आहेत का, आणि नसतील तर युक्ती सोडून सरळ पूर्ण तुलनेवर येतं.

हे सगळं ‘सी’ कोलेशनबद्दल लिहिलं, म्हणजे बाइटच्या क्रमाने सॉर्ट. त्यात आपला ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ च्या मधे येऊन बसतो, ‘ह’ नंतर नाही. म्हणून शेतकऱ्यांची जी यादी माणसाने वाचायची आहे तिला आयसीयू या युनिकोड लायब्ररीचं मराठी कोलेशन लावा. आणि जिथे क्रम फक्त मशीनच्या जुळणीसाठी हवा तिथे नावावर सॉर्ट करूच नका. सभासद क्रमांकावर करा, तो पूर्णांक आहे आणि खोक्यात अख्खा मावतो.

आता ६४-बिटची किंमत, कारण ती असते आणि विकणारा सांगत नाही. पॉइंटर ४ बाइटवरून ८ वर जातो. प्रोसेसरच्या कॅशची एक ओळ ६४ बाइटची, तिच्यात १६ पॉइंटर मावायचे ते ८ मावतात. हॅश जॉइनमध्ये (दोन टेबलं जुळवायची एक पद्धत) पोस्टग्रेस प्रत्येक नोंदीमागे एक पॉइंटर आणि ४ बाइटची हॅश किंमत ठेवतं. ३२-बिटवर हे ८ बाइट, ६४-बिटवर अलाइनमेंट (मूल्य ठरावीक पटीतल्या जागेवर बसवणं) धरून १६. म्हणजे तेवढ्याच वर्क मेममध्ये (सॉर्ट आणि हॅशसाठी दिलेल्या मेमरीत) थोड्या कमी नोंदी. जावाच्या लोकांना ही किंमत इतकी टोचली की त्यांनी ६४-बिट जेव्हीएममध्येही (जावा चालवणाऱ्या प्रोग्राममध्येही) साधारण ३२ जीबी हीपपर्यंत पॉइंटर ४ बाइटमध्येच दाबून ठेवायची सोय केली. कॅसँड्रा किंवा इलास्टिकसर्च हे जावावरचे डेटाबेस चालवणाऱ्यांना ‘हीप ३२ जीबीच्या आत ठेवा’ असं सांगतात त्यामागे एक कारण हे आहे. रेडिस (डेटा मेमरीतच ठेवणारा डेटाबेस) तर अजूनही ३२-बिट करून बांधता येतं. छोट्या किल्ल्या पुष्कळ असतील आणि सगळा डेटा ४ जीबीच्या बराच आत असेल तर ते मेमरी वाचवतं.

डिस्कवरच्या इंडेक्सचं मात्र असं होत नाही. बी-ट्रीच्या पानात मेमरीचा पत्ता नसतो, पानाचा क्रमांक असतो, आणि तो पोस्टग्रेसमध्ये ३२-बिट मशीनवरही ३२ बिटांचा आणि ६४-बिट मशीनवरही ३२ बिटांचाच. ८ केबीचं पान धरलं तर एका टेबलाची ३२ टीबीची मर्यादा तिथूनच येते.

पण टेबलाची ओळ फुगू शकते, आणि इथे तुमच्या वजनपावतीचंच उदाहरण घेऊ. समजा स्तंभ या क्रमाने आहेत: काटा क्रमांक इंट, पावती क्रमांक बिगइंट, गाडी क्रमांक इंट, वेळ टाइमस्टँप. ३२-बिट लिनक्सवर ८ बाइटच्या मूल्याला ४ च्या पटीतली जागा चालते, म्हणून ४+८+४+८, एकूण २४ बाइट. ६४-बिटवर त्याला ८ च्या पटीतच बसावं लागतं. मग प्रत्येक इंटनंतर ४ बाइट रिकामे सुटतात आणि ओळ ३२ बाइटची होते. ओळीचं डोकं २४ बाइट आणि पानातला निर्देशक ४ बाइट धरले तर ५२ विरुद्ध ६०. एका पानात १५७ ऐवजी १३६ ओळी. ५ कोटी पावत्यांना २.४३ जीबी लागायचे तिथे २.८० जीबी. काहीही न बदलता टेबल १५ टक्क्यांनी जाड. उपाय फुकटचा आहे: स्तंभांचा क्रम बदला, बिगइंट आणि टाइमस्टँप आधी, दोन्ही इंट शेवटी. पुन्हा २४ बाइट. स्थलांतराच्या वेळी टेबलं नव्याने बांधली जाणारच आहेत, तेव्हाच हे करून घ्या. नंतर चालू टेबलाचा क्रम बदलायला कुणी बसत नाही.

दुसरी किंमत पेज टेबलची (मेमरीचं कुठलं पान रॅममध्ये कुठे आहे त्याची वही), आणि हिने मी चांगले चालणारे सर्व्हर गुडघ्यावर आलेले पाहिलेत. नवीन मशीन येतं, ३२ जीबी रॅम, कुणीतरी शेअर्ड बफर्स ८ जीबी करतं. हे ८ जीबी ४ केबीच्या पानांत मोजले तर २०,९७,१५२ पानं. प्रत्येक पानासाठी पेज टेबलमध्ये ८ बाइटची नोंद, म्हणजे १६ एमबी. आणि पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शन हा वेगळा प्रोसेस, प्रत्येकाची पेज टेबल वेगळी. दिवसभर उघडी राहिलेली ३०० कनेक्शन हळूहळू सगळ्या बफरना हात लावतात, आणि ३०० गुणिले १६ एमबी म्हणजे ४,८०० एमबी नुसत्या पत्त्यांच्या वह्यांवर खर्च. डेटाबेसमध्ये कुठेही हा आकडा दिसत नाही. लिनक्सच्या ‘प्रॉक’मधल्या ‘मेमइन्फो’ फाइलीत ‘पेजटेबल्स’ या ओळीत दिसतो. उपाय ह्यूज पेजेस. पान २ एमबीचं केलं की ८ जीबीला ४,०९६ नोंदी, प्रत्येक प्रोसेसमागे ३२ केबी. पोस्टग्रेसमध्ये ९.४ पासून ही सोय आहे आणि ती ‘ट्राय’वर असते, पण कर्नलमध्ये तेवढी ह्यूज पेजेस आधी राखून ठेवली नाहीत तर ते चुपचाप छोट्या पानांवर चालू होतं. राखून ठेवा, आणि कनेक्शन पूलरही (थोडी कनेक्शन अनेकांना वाटून देणारा प्रोग्राम) लावा.

काही मर्यादा प्रोसेसर बदलून हलत नाहीत, त्यांची अपेक्षा ठेवू नका. इंट स्तंभ ६४-बिट मशीनवरही २,१४,७४,८३,६४७ ला संपतो. पावती क्रमांक इंट असेल तर आताच बिगइंट करा. मायएसक्यूएलचा टाइमस्टँप प्रकार कुठल्याही मशीनवर १९ जानेवारी २०३८ ला थांबतो. पोस्टग्रेसचा मुळातच ६४-बिट आहे, त्याला ती तारीख लागू नाही. पोस्टग्रेसचा व्यवहार क्रमांक मात्र अजून ३२ बिटांचाच, कारण तो प्रत्येक ओळीच्या डोक्यात दोनदा लिहिला जातो आणि दुप्पट केला तर प्रत्येक ओळ ८ बाइटने वाढेल. सेकंदाला १,००० लेखन व्यवहार असतील तर २१४ कोटींचा पल्ला २५ दिवसांच्या आत संपतो. म्हणून व्हॅक्यूमला (जुने व्यवहार क्रमांक मोकळे करणाऱ्या सफाईला) हंगामात बंद करायची चूक ६४-बिटवरही करू नका. आणि राइट-अहेड लॉगमधलं स्थान ‘१६ तिरकी रेघ बी३७४…’ असं छापलं जातं, त्यातली ती तिरकी रेघ ३२-बिट काळाची खूण आहे. ९.२ पर्यंत ते स्थान दोन ३२-बिट तुकड्यांत ठेवलं जायचं. आता आत एकच ६४-बिट आकडा आहे, छापताना रेघ राहिली.

विंडोजवर जायचा विचार असेल तर एक सावधगिरी. ६४-बिट विंडोजमध्येही सी भाषेचा ‘लाँग’ ३२ बिटांचाच राहिला, लिनक्सवर तो ६४ झाला. त्यामुळे ६४-बिट विंडोजवरच्या पोस्टग्रेसमध्ये वर्क मेमला बरीच वर्षं २ जीबीची मर्यादा होती. मशीन ६४-बिट, प्रोग्राम ६४-बिट, आणि तरी आत कुठेतरी ३२ बिट.

आता तुमच्याकडे काय करायचं. मशीन बदलण्याआधी, रखडणारा एक रिपोर्ट निवडा. इनपुट-आउटपुटची वेळ नोंदवायची सेटिंग चालू करा आणि त्या क्वेरीचं ‘एक्सप्लेन अॅनलाइझ’ (प्लॅन आणि त्याला लागलेला खरा वेळ) बफर्ससकट घ्या. वाचनाला लागलेल्या वेळेला ‘शेअर्ड रीड’च्या (शेअर्ड बफर्समध्ये न सापडलेल्या पानांच्या) आकड्याने भागा. एका पानाला सरासरी काही मायक्रोसेकंदच पडत असतील, तर पान डिस्कवरून येतच नाही, कर्नलच्या पेज कॅशमधून येतंय. मग अडचण डिस्कची नाही, आणि ६४-बिट किंवा जास्त रॅम तुमचं फारसं भलं करणार नाही. इंडेक्स आणि क्वेरी बघा. सरासरी काही मिलिसेकंद येत असेल तर डेटा रॅममध्ये मावत नाहीये. तिथे ६४-बिट अधिक ३२ किंवा ६४ जीबी रॅम हा खरा उपाय, आणि एसएसडी असेल तर न मावलेलं पानही १०० मायक्रोसेकंदांच्या घरात येतं. ४० जीबीपैकी चालू हंगामाचा डेटा किती, तेवढा तरी रॅममध्ये बसला पाहिजे, हे माप धरा.

त्याच प्लॅनमध्ये सॉर्टच्या ओळीसमोर ‘एक्स्टर्नल मर्ज’ आणि डिस्कचा आकडा दिसला, म्हणजे सॉर्ट मेमरीत न मावता डिस्कवर गेला, तर त्या सेशनपुरतं वर्क मेम २०० एमबी करून बघा. हे आज, ३२-बिटवरच, एका मिनिटात होतं. एवढ्यानेच पंधरवड्याचा रिपोर्ट सुटला असं मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिलंय. फक्त सगळ्यांसाठी एकदम वाढवू नका, ८ जीबीत शंभर कनेक्शनना प्रत्येकी २०० एमबी परवडणार नाही.

आणि तरीही ६४-बिटवर का जा म्हणतो? कारण ३२-बिटवर पुढे रस्ता नाही. ८ जीबीची रॅम १६ केलीत तर कर्नलला प्रत्येक ४ केबी पानामागे ३२ बाइटची नोंद ठेवावी लागते, ती १२८ एमबी होते, आणि ती कर्नलच्या खालच्या ८९६ एमबीतच बसवावी लागते. जिथे बाकीच्या नोंदींनाही जागा लागते, तिथेच. मोकळी रॅम असताना कर्नल गुदमरतो, पतसंस्थेत झालं तेच एक पायरी खाली. शेअर्ड बफर्स, मोठे हॅश जॉइन, इंडेक्स बांधतानाची मेमरी, या सगळ्यांना आज छप्पर आहे ते जाईल. डेटा दर हंगामाला वाढतोय आणि छप्पर तिथेच आहे.

स्थलांतराचं एक लक्षात ठेवा: ३२-बिट लिनक्सची पोस्टग्रेस डेटा डिरेक्टरी उचलून ६४-बिटवर ठेवता येत नाही. अलाइनमेंट वेगळं, ओळींची मांडणी वेगळी. सर्व्हर सुरूच होणार नाही, आणि पीजी-अपग्रेड हे आवृत्ती बदलायचं साधनही हे करत नाही. इनोडीबीच्या फाइली चालतात, पोस्टग्रेसच्या नाही. पूर्ण डंप आणि पूर्ण रिस्टोअर हाच मार्ग. ४० जीबीला किती वेळ लागतो ते आधी एका वेगळ्या मशीनवर करून घड्याळ लावून बघा, इंडेक्स बांधण्याचा वेळ त्यात धरा. नव्या मशीनवर आधी रिकामी टेबलं स्तंभांचा क्रम बदलून तयार करा, त्यांत फक्त डेटा भरा, इंडेक्स शेवटी बांधा, आणि लगेच ‘अॅनलाइझ’ (टेबलांची आकडेवारी गोळा करणारी आज्ञा) चालवा, नाहीतर पहिल्या दिवशीचे प्लॅन आंधळे असतील. हे सगळं पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, एप्रिल-मे मध्ये. हंगाम चालू असताना वजनकाट्याच्या डेटाबेसला हात लावू नका, रांगेत गाड्या उभ्या असतात.